सर्वांत लहान नाणे पाडणे थांबवावे का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातील एका बँकशाखेत मी बरीच वर्षे रोखपाल होते. निवृत्तीनंतरही बाजारात भेटणारी माणसे मला प्रकृतीपेक्षा नोटा-नाण्यांविषयीच अधिक विचारतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने आपली पेनी, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या भागाचे एक सेंटचे नाणे, पाडणे थांबवल्याची बातमी आल्यापासून तर "आपला रुपयाही आता जाणार का?" हे विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. तीच उत्तरे रस्त्यात उभ्याने देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हा खटाटोप.

भारतातील सर्वांत लहान नाणे नेमके कोणते?

कायद्याने पाहिले तर पन्नास पैसे, म्हणजे आपला आठाणा, आणि व्यवहाराने पाहिले तर एक रुपया. पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून वैध चलन राहिलेली नाहीत. पन्नास पैशांचे नाणे मात्र आजही वैध आहे. तरीही चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या कोणत्याही बाजारपेठेत आठाणा पुढे करून पाहा, दुकानदार तो हसून परत सरकवील. कायद्यात जिवंत आणि गल्ल्यात मृत अशी या नाण्याची अवस्था आहे, आणि खालचे निम्मे प्रश्न तिच्यातूनच निघालेले आहेत.

नाणे पाडणे थांबवणे म्हणजे ते बंद होणे का?

नाही, आणि हा घोटाळा सर्वाधिक होतो. टांकसाळीने नवी नाणी पाडणे थांबवणे ही एक गोष्ट, बँकेत आलेली जुनी नाणी पुन्हा बाहेर न देता हळूहळू परत घेणे ही दुसरी, आणि अमुक तारखेपासून हे नाणे वैध चलन नाही असे सरकारने जाहीर करणे ही तिसरी. अमेरिकेने फक्त पहिली केली आहे. कॅनडाने पहिल्या दोन केल्या, परंतु तेथील एका सेंटचे नाणे अजूनही वैध आहे. भारताने २०११ मध्ये पंचवीस पैशांच्या बाबतीत तिसरीपर्यंत मजल मारली आणि त्याआधी बँकांतून नाणी बदलून घेण्यासाठी मुदत दिली. त्यामुळे पाडणे थांबल्याची बातमी वाचून कोणी घरातली नाणी घाईने खपवायला निघण्याचे कारण नाही.

नाण्याच्या किमतीपेक्षा ते घडवण्याचा खर्च जास्त असेल, तर तो उघड तोटाच नाही का?

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला" ही म्हण येथे चपखल बसते खरी, पण पूर्णपणे नव्हे. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार एक रुपयाचे नाणे पाडण्यास एक रुपया अकरा पैसे, दोन रुपयांच्या नाण्यास एक रुपया अठ्ठावीस पैसे, पाचच्या नाण्यास तीन रुपये एकोणसत्तर पैसे आणि दहाच्या नाण्यास पाच रुपये चौपन्न पैसे खर्च येत होता. पत्रा कापणे, ठसा उमटवणे, मोजणे, पिशव्या भरणे आणि त्या देशभर पोहोचवणे यांचा खर्च नाण्याच्या दर्शनी किमतीच्या प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे नाणे जितके लहान, तितका मसाला महाग. मोठ्या नाण्यांवर सरकारला जो नफा उरतो, त्यातून रुपयाचा हा तोटा सहज भरून निघतो.

दुसरे असे की नाणे एकदाच वापरून टाकायची वस्तू नाही. पोलादाचा रुपया वीस-पंचवीस वर्षे फिरतो, आणि तेवढ्या काळात तो काही हजार वेळा हात बदलत असेल, तर त्यावर जास्त खर्च झालेले अकरा पैसे कोणाच्याही हिशेबात येणार नाहीत. म्हणून माझ्या मते खर्च किती हा प्रश्न दुय्यम आहे, नाणे परत येते का हा खरा प्रश्न आहे. टांकसाळीतून बँकेत, बँकेतून दुकानात, दुकानातून गिऱ्हाइकाच्या हातात आणि तेथून पुन्हा दुकानात, असे चक्र ज्या नाण्याचे चालू आहे ते जिवंत आहे. जे नाणे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बरणीत पडते आणि तेथेच राहते, त्याच्यासाठी टांकसाळ दरवर्षी नवी नाणी पाडत राहते आणि ती नवीही बरणीतच जातात. असे एकेरी वाटेने जाणारे नाणे अर्ध्या पैशात पडले, तरी ते पाडणे मला व्यर्थ वाटते.

अमेरिकेने पेनी थांबवली त्यामागे हेच कारण होते का?

बऱ्याच अंशी हेच. २०२४ या वित्तीय वर्षात एक पेनी पाडण्यास ३.६९ सेंट खर्च येत होता आणि त्या एका वर्षात पेनीपायी सुमारे साडेआठ कोटी डॉलर तोटा झाला. पेनीवर तांब्याचा केवळ मुलामा असतो, आत जवळजवळ सगळे जस्त, तरी ही स्थिती. चलनात सुमारे तीनशे अब्ज पेन्या असल्याचा अंदाज दिला जातो, म्हणजे तुटवडा कधीच नव्हता. त्या खणांत आणि बरण्यांत पडून होत्या. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली, आणि १७९३ पासूनची परंपरा संपली.

मात्र या निर्णयाची पद्धत मला पटलेली नाही. रोखीत पूर्णांक कसा करावा, म्हणजे रक्कम उरलेल्या नाण्यांत देता येईल अशी वर किंवा खाली कशी आणावी, याचा संपूर्ण देशाला लागू होणारा कोणताही नियम न करताच पाडणे थांबवले गेले. परिणामी काही दुकानांनी स्वतःच्या खिशाला चाट देऊन रक्कम खाली आणली, काहींनी गिऱ्हाइकांना नेमके सुटे आणण्याची विनंती केली. शिवाय पाच सेंटच्या नाण्याला त्याच वर्षी १३.७८ सेंट खर्च येत होता. पेनी गेल्यावर त्याची मागणी वाढली, तर एका भोकातून गळणारे पाणी दुसऱ्या, अधिक मोठ्या भोकातून गळू लागेल.

मग योग्य पद्धतीने कोणी केले?

कॅनडाने. मार्च २०१२ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, ४ मे २०१२ रोजी विनिपेगच्या टांकसाळीत शेवटचा सेंट पाडला गेला आणि ४ फेब्रुवारी २०१३ पासून बँकांना त्याचे वाटप थांबले. मधल्या काळात सरकारने सांगितले की करासह एकूण बिल जवळच्या पाच सेंटांपर्यंत आणावे, तेही फक्त रोखीत. कार्डाने दिल्यास रक्कम शेवटच्या सेंटपर्यंत नेमकी घ्यावी. ऑस्ट्रेलियाने एक आणि दोन सेंटची नाणी १९९२ पासून मागे घेतली. न्यूझीलंडने तीच १९९० मध्ये आणि पाच सेंटचे २००६ मध्ये बंद केले. फिनलंडने तर युरो स्वीकारला त्या २००२ सालापासूनच एक-दोन सेंटची नाणी रोजच्या व्यवहारात येऊ दिली नाहीत. यांपैकी कोणत्याही देशाला नंतर ते नाणे परत आणावे लागले नाही.

पूर्णांक करताना दुकानदार नेहमी स्वतःच्या बाजूनेच करणार नाहीत का?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर दुकानदाराच्या हेतूपेक्षा गणितात अधिक आहे.

कॅनडातील पाच सेंटांचा नियम घ्या. बिलाच्या अखेरीस १ किंवा २ उरले तर खाली, ३ किंवा ४ उरले तर वर. दोन शक्यता गिऱ्हाइकाच्या बाजूच्या, दोन दुकानदाराच्या. मधोमध पडणारी रक्कमच नसल्यामुळे वाद संभवत नाही. एकूण बिलावर हा नियम लावला, प्रत्येक वस्तूवर नव्हे, तर वर्षाअखेरीस कोणाचेही फारसे जात नाही.

आता आपला आठाणा घ्या. बिलात फक्त पन्नास पैशांचेच अपूर्णांक येत असतील, तर प्रत्येक अपूर्णांक बरोबर मधोमध पडतो. ४३७ रुपये ५० पैसे हे ४३७ लाही तितकेच जवळ आणि ४३८ लाही. अशा वेळी "अर्धा असेल तर वर" असा नियम केला, तर दर वेळी गिऱ्हाइकाचेच आठ आणे जातील. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात, कलम १७० मध्ये, कराची रक्कम पूर्ण रुपयात आणताना पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास वर आणि कमी असल्यास खाली असा नियम आहे. करापुरता तो ठीक आहे, कारण तेथे कोणतेही पैसे उरू शकतात. तोच नियम वाण्याच्या गल्ल्यावर लावणे मात्र योग्य होणार नाही.

विशेष म्हणजे याचे उत्तर आपल्याच देशाने एकदा देऊन ठेवलेले आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली तेव्हा सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, आणि एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे असा अडचणीचा हिशेब समोर आला. त्या वेळच्या रूपांतराच्या कोष्टकात एका आण्याचे सहा नवे पैसे, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस असे जवळचे आकडे होते. पण दोन आणे बरोबर साडेबारा नव्या पैशांवर, मधोमध पडत. ते बारा धरले गेले. सहा आणे साडेसदतीस होत, ते सदतीस धरले गेले. म्हणजे रक्कम दोन्हीकडे सारखीच जवळ असेल तर खालचे नाणे, असा निर्णय तेव्हा झाला होता. आठाणा रीतसर बंद करायचा असेल, तर हाच नियम पुन्हा लिहावा, नवा शोधण्याची गरज नाही.

सुट्यांऐवजी चॉकलेट देणे हा पूर्णांकच नाही का?

आहे, फक्त तो दुकानदाराने केलेला आहे. नियम नसला की त्याची जागा रिकामी राहत नाही, तेथे गोळी, चॉकलेट, काडेपेटी येऊन बसते. दुकानदाराला ती वस्तू घाऊक दरात पडलेली असते आणि तो ती किरकोळ दरात आपल्या हातावर ठेवतो, म्हणजे मोड देतानाही नफा. चॉकलेट हे चलन नव्हे आणि ते घेण्यास कोणीही बांधील नाही. विश्वास नसेल तर तीच चार चॉकलेटे दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात बिलापोटी देऊन पाहावीत.

मासळी बाजारातली रीत मात्र मला याहून पुष्कळ प्रामाणिक वाटते. वाटे घेतले आणि हिशेबाचे दहा रुपये सुटे नसले तर मावशी वर दोन बांगडे टाकते किंवा "उद्या दे गो" म्हणते. तिथे दोघींच्या डोळ्यांसमोर घासाघीस होऊन पूर्णांक होतो, आणि गिऱ्हाईक बांगडा मोठा मागून घेऊ शकते.

लहान नाणे गेले की महागाई वाढते का?

सर्वसाधारण महागाई त्याने वाढत नाही, कारण नाणे महागाईमुळे निकामी होते, नाणे निकामी झाल्याने महागाई होत नाही. तथापि एका कोपऱ्यात त्याचा परिणाम जरूर दिसतो. ज्या वस्तूची किंमत एकाच नाण्याएवढी असते, तिची किंमत हळूहळू वाढूच शकत नाही, ती उडी मारते. काडेपेटी पाहा. २००७ मध्ये ती पन्नास पैशांवरून एक रुपया झाली, चौदा वर्षे तेथेच थांबली आणि १ डिसेंबर २०२१ पासून एकदम दोन रुपये झाली. मधली पायरी बाजारात चालणाऱ्या नाण्यांत नव्हती, म्हणून दोन्ही वेळी भाव थेट दुप्पट झाला. मधल्या काळात कारखानदाराने किंमत तीच ठेवून आतल्या काड्या कमी केल्या, तर तेही गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही.

रुपयाचे नाणे बंद करून दोन रुपये सर्वांत लहान ठेवले तर?

ही सूचना मी बँकेतल्या माणसांकडूनही ऐकली आहे, आणि ती सर्वांत वाईट आहे. दोन रुपये सर्वांत लहान झाले की प्रत्येक विषम रक्कम मधोमध पडते: ४७ रुपये हे ४६ आणि ४८ या दोहोंना सारखेच जवळ. म्हणजे आठाण्याचीच अडचण दुप्पट आकाराने पुन्हा उभी राहील. कधीकाळी रुपया सोडायचाच असेल, तर थेट पाचावर जावे लागेल, कारण पाचाच्या पटीत १ आणि २ खाली, ३ आणि ४ वर, असा समतोल आपोआप साधतो.

एसटीने पाचाच्या पटीत भाडे केले होते, त्याचे काय झाले?

जून २०१८ मधील भाडेवाढीच्या वेळी एसटी महामंडळाने सुट्या पैशांचे वाद टाळण्यासाठी तिकिटाची रक्कम पाच रुपयांच्या पटीत आणली होती. सात रुपये होत असतील तर पाच घ्यावेत, आठ होत असतील तर दहा घ्यावेत, असे उदाहरणही दिले गेले होते. नियम वर सांगितलेल्या गणिताप्रमाणे बिनचूक होता. ज्यांनी घाटातल्या वळणावर एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने मोड मोजणारा वाहक पाहिला आहे, त्यांना त्याची सोयही पटेल.

अडचण वेगळीच होती, आणि ती पाच रुपयांच्या कोणत्याही नियमात राहणार. रक्कम लहान असेल तर पूर्णांकाचे ओझे मोठे होते. लांब पल्ल्याच्या चारशे रुपयांच्या तिकिटात दोन रुपये म्हणजे अर्धा टक्का. परंतु वाडीवरून तालुक्याच्या गावी रोज जाणाऱ्या बाईच्या तेरा रुपयांच्या तिकिटाचे पंधरा झाले, तर ते पंधरा टक्क्यांहून अधिक आहे, आणि तिचे तिकीट रोज तेवढेच असल्यामुळे "कधी वर, कधी खाली" हा दिलासा तिला कधीच मिळत नाही. ती दर वेळी वरच जाते. सरासरीने कोणाचे नुकसान होत नाही हे विधान बदलत्या बिलांपुरते खरे आहे. ठरलेली रक्कम रोज देणाऱ्याला सरासरी लागू पडत नाही, हे धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही.

यूपीआय असताना नाण्यांची गरजच काय?

यूपीआय २०१६ मध्ये आले आणि शहाळेवाल्याच्या गाडीवरही त्याची चौकट लटकू लागली. त्यामुळे सुट्यांची चणचण पुष्कळ कमी झाली, यात शंका नाही. त्यात पैशापर्यंत नेमकी रक्कम जाते, म्हणून पूर्णांकाचा नियम नेहमी फक्त रोखीपुरताच असावा.

यावर कोकणातला माणूस लगेच ३ जून २०२० ची आठवण देतो. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि दापोली, मंडणगडपर्यंत वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद पडले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा भिजलेल्या नोटा वाळत घालाव्या लागल्या, नाणी मात्र चिखल धुऊन पुन्हा चालली. हे सर्व खरे आहे. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर हा युक्तिवाद रोखीच्या बाजूचा आहे, सर्वांत लहान नाण्याच्या बाजूचा नाही. त्या दिवसांत मेणबत्ती आणि पाणी घेताना कोणी रुपया-दोन रुपयांसाठी अडून बसले नव्हते. दहा-वीसची नोट हाताशी असणे महत्त्वाचे होते.

सव्वा रुपयाची दक्षिणा आणि एकशे एकचा आहेर यांचे काय?

हा प्रश्न थट्टेने विचारला जातो, पण रुपयाची मागणी कोठून येते हे याच्याइतके दुसरे काही सांगत नाही. गाऱ्हाणे घालताना श्रीफळाबरोबर सव्वा रुपया ठेवण्याची रीत होती. पाव रुपयाचे नाणे २०११ मध्ये गेले, आणि "सव्वा रुपया" शब्दात राहून पुढ्यात अकरा किंवा एकवीस रुपये येऊ लागले. देवाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. अकरा, एकवीस, एकशे एक या आकड्यांना मात्र तो वरचा एक लागतोच, आणि आहेराच्या पाकिटावर रुपयाचे नाणे चिकटवलेलेच येते. मे महिन्यातील लग्नसराईत आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या खिडकीवर कोरी नाणी मागायला येणाऱ्यांत दुकानदारांपेक्षा यजमानच अधिक असत. अशी नाणी पाकिटातून कपाटात जातात, चलनात परत येत नाहीत. माझ्याच कसोटीने पाहिले तर ही रुपयाच्या विरुद्ध जाणारी साक्ष आहे, हे मला मान्य करावे लागते.

कोकणात यापूर्वी कधी नाणी अशी गेली आहेत का?

अनेकदा. सतराव्या शतकात या किनाऱ्यावर लारी चालत असे. लारी म्हणजे दुमडलेल्या चांदीच्या तारेवर ठसा मारलेले नाणे, नाव इराणातील लार या गावावरून आलेले. बिजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या नावाच्या लाऱ्या प्रसिद्ध आहेत. शिवराई हे तांब्याचे नाणे तर पेशवाई गेल्यानंतरही बरीच वर्षे लोकांच्या हातात होते. सर्वांत खाली होती कवडी, मालदीवच्या समुद्रातून येणारी, जिला टांकसाळीचा खर्चच नव्हता. या सर्वांच्या जाण्यात एक क्रम दिसतो: आधी बाजार नाणे सोडतो, मग सरकार ते सोडते, आणि भाषा ते सोडतच नाही. आणा जाऊन सत्तर वर्षे होत आली, तरी आपण आठाणा म्हणतो आणि एखादी गोष्ट सोळा आणे खरी असते.

धातूसाठी नाणी वितळवली जातात, हे खरे का?

खरे आहे. नाण्यातील धातू दर्शनी किमतीपेक्षा महाग झाला की हे होतेच. २००७ च्या सुमारास भारतीय नाणी बांगलादेशात चोरट्या मार्गाने नेऊन त्यांपासून दाढीची पाती बनवली जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा नाणे अधिनियम २०११ नुसार गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जाता जाता एक गंमत: याच कायद्याच्या व्याख्येत एक रुपयाची नोट "नाणे" म्हणून धरलेली आहे. ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.

दुकानदार किंवा बँक नाणी घेण्यास नकार देऊ शकते का?

एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत, आणि पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. म्हणजे आठाणे असतील तर वीस नाण्यांपर्यंत. त्यापुढे घेणाऱ्याला नाही म्हणता येते. बँकांना मात्र ग्राहकाकडून कितीही नाणी स्वीकारता येतात, आणि रिझर्व्ह बँकेने त्यांना ती स्वीकारण्याविषयी वेळोवेळी बजावले आहे.

प्रत्यक्षात काय होते, हे मी खिडकीच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. निवृत्तीनंतर एका शाखेत एका चहावाल्याची नाण्यांची पिशवी "माणूस नाही, सोमवारी या" म्हणून परत पाठवताना मी पाहिले, आणि सोमवारीही तेच झाले. पण नोकरीत असताना आम्हीही कुरकुर करत असू, हे लपवण्यात अर्थ नाही. २०११ च्या मालिकेतील रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे, म्हणजे हजार रुपयांची नाणी पावणेचार किलोंहून अधिक. तीच रक्कम पाचशेच्या दोन नोटांत मावते. नाणी वाटण्यासाठी रिझर्व्ह बँक बँकांना सप्टेंबर २०२१ पासून प्रत्येक पिशवीमागे ६५ रुपये देते आणि ग्रामीण व निमशहरी भागासाठी आणखी १० रुपये. हे उत्तेजन वाटण्यासाठी आहे. चहावाल्याची पिशवी परत घेण्यासाठीही असेच काही असते, तर टांकसाळीला नवी नाणी कमी पाडावी लागली असती.

मग तुमचे स्वतःचे मत काय?

आठाणा रीतसर बंद करावा. बाजाराने तो केव्हाच सोडला आहे, आणि कायद्यात तो राहिल्यामुळे कोणाचेही रक्षण होत नाही, उलट पूर्णांकाचा नियम करण्याची निकड कोणाला वाटत नाही आणि चॉकलेटाचे फावते. तारीख जाहीर करावी, बदलून घेण्यास वर्षभराची मुदत द्यावी, आणि त्याच दिवशी "एकूण बिलावर, फक्त रोखीत, बरोबर अर्धा असल्यास खाली" हा नियम लागू करावा. पैसा हे हिशेबाचे परिमाण म्हणून राहील, पेट्रोलचा दर पैशांत लिहिला जाईलच, त्यासाठी नाण्याची गरज नसते.

रुपया मात्र आज बंद करू नये. त्याच्यानंतरची गणिताने निर्दोष पायरी पाच रुपयांची आहे, आणि रोज तेरा रुपयांचे तिकीट काढणाऱ्या बाईला ती पायरी अजून फार उंच आहे. तोपर्यंत नवी नाणी कमी पाडावीत आणि पडून असलेली परत खेळवावीत, एवढे पुरेसे आहे.

घरात बरणीभर जुनी नाणी आहेत. त्यांचे काय करावे?

प्रथम आठाणे वेगळे काढावेत. ते वैध आहेत आणि आपल्या बँकेत भरता येतात. शाखेत गर्दी नसेल अशा दिवशी, मोजून, पन्नास-पन्नासच्या पुड्या करून न्यावेत, म्हणजे नकाराचे निमित्त उरत नाही. पंचवीस, वीस, दहा, पाच आणि त्याखालील नाण्यांची मुदत जून २०११ मध्येच संपली, ती आता कोठेही बदलून मिळणार नाहीत. ॲल्युमिनियमची जुनी नाणी आपल्या खाऱ्या हवेत पांढुरकी पडून त्यांना खड्डे पडतात, म्हणून ठेवायचीच असतील तर कोरड्या डबीत ठेवावीत. संग्राहकांच्या बाजारात सर्वसाधारण चाराण्याला फारसा भाव नाही. "जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याविषयी सावध केले असून अशा व्यवहारांशी आपला कोणताही संबंध नाही आणि त्यासाठी आपण शुल्क घेत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे.